जुलैचा सोबती, डिसेंबरचा प्रतिस्पर्धी : शालेय फुटबॉलची प्रेमकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

शाळेचा फुटबॉल संघ आणि त्याच्याभोवती उमलणारे पहिले प्रेम हा विषय घेऊन किशोरांसाठी कादंबरी लिहायला बसलात, तर पहिली अडचण अशी येते की तिचा साचा डोक्यात आधीच तयार असतो आणि तो अमेरिकेचा असतो. शुक्रवारी रात्री दिव्यांच्या झोतात होणारा शाळेचा सामना, देखणा कर्णधार, मैदानाच्या कडेला नाचत घोषणा देणाऱ्या मुली आणि वर्षअखेरचा नाच. हा साचा उचलून शिवाजी पेठेत आणला, मैदानाला शाहू स्टेडियम म्हटले आणि बर्गरच्या जागी मिसळ मांडली, तरी गोष्ट कोल्हापूरची होत नाही. टेक्सासमधल्या ओडेसा गावात शाळेचा संघ हाच गावाचा संघ असतो. तिथल्या पर्मियन हायस्कूलच्या १९८८ च्या हंगामावर एच. जी. बिसिंजर यांनी १९९० मध्ये लिहिलेले पुस्तक याच एका गोष्टीवर उभे आहे : सतरा वर्षांच्या मुलांच्या खांद्यावर अख्ख्या गावाची इभ्रत. शिवाय तिथला फुटबॉल हातात धरून पळायचा. कोल्हापुरात चेंडू पायाने खेळतात आणि गावाची इभ्रत शाळेवर टाकलेली नसते, ती तालमीवर टाकलेली असते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की कोल्हापुरी किशोरकथेची खरी जागा शाळा आणि तालीम यांच्या मधल्या फटीत आहे. ती फट नीट ओळखली तर प्रेमाचा अडसर, कथेचा काळ, पात्रांचे स्वभाव आणि शेवट हे सगळे तिच्यातूनच मिळते. ती ओळखली नाही तर खलनायक, अपघात आणि गैरसमज बाहेरून आणावे लागतात.

ही फट तयार कशी झाली ते आधी समजून घ्या. राजर्षी शाहूंच्या काळात कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय मिळाला, खासबागचे मैदान १९१२ मध्ये उभे राहिले आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ आले. पुढे याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उतरले. म्हणूनच आजही संघांच्या नावांत क्लबापेक्षा तालीम आणि मंडळ हेच शब्द जास्त दिसतात : पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, आणि शिवाजी पेठेचे शिवाजी तरुण मंडळ. १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची केएसए, या संघांची लीग भरवते. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची मैदानावरची ईर्ष्या जुनी आहे आणि शिवाजी-पाटाकडील सामन्याला शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. लेखकाने ध्यानात ठेवायचे ते असे की तालीम हा नुसता खेळाचा संघ नसतो. तीच गणपती बसवते, तीच शिवजयंतीची मिरवणूक काढते, पुराच्या दिवसांत तीच मदतीला धावते. तिच्याकडून खेळणारा मुलगा निवृत्ती चौकातून जाताना ‘आपल्या पेठेतलं पोरगं’ असतो. उलट शाळेच्या वर्गात सगळ्या पेठांची मुले येतात. शिवाजी पेठेतल्या, महाराष्ट्र हायस्कूलसारख्या फुटबॉलसाठी नाव असलेल्या शाळेच्या बाकावर दोन पेठांचे दोघे शेजारी बसतात आणि एकच जर्सी घालतात. शाळा एकत्र आणते, तालीम वेगळे करते. किशोरवयीन प्रेमकथेला याहून चांगली पार्श्वभूमी शोधायची गरज नाही.

या दोन संस्थांचे हंगामही वेगळे आहेत, आणि तिथेच तुमच्या कथेचा सांगाडा तयार मिळतो. भारतीय हवाई दलाच्या पुढाकाराने १९६० पासून भरणारी सुब्रतो चषक स्पर्धा ही शालेय फुटबॉलची देशातली मानाची स्पर्धा. तिच्या जिल्हा आणि विभाग पातळीच्या फेऱ्या पावसाळ्याच्या आसपास येतात. शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानाच्या जागी एकेकाळी वरुणतीर्थ नावाचे तळे होते आणि जोराच्या पावसात ते मैदान आपली जुनी ओळख दाखवते, पाणी साचून राहते. सराव कुठे करायचा हा प्रश्न मुलांपुढे दर वर्षी येतो आणि तो सोडवताना ती अशा वेळी, अशा ठिकाणी भेटतात, जिथे एरवी भेटली नसती. भाद्रपदात गणपती, मग नवरात्र, आणि थंडीच्या सुमारास केएसएच्या हंगामाची चाहूल. हंगामापूर्वी खेळाडूंची नोंदणी होते. कोण कुठल्या तालमीकडून उतरणार, कोणी संघ बदलला, याची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर चालते. लीग आणि चषकांचे सामने उन्हाळ्यापर्यंत रंगतात आणि त्यांच्या ऐन मध्यावर दहावीची परीक्षा येते. तेव्हा लिहायला बसण्यापूर्वी जून ते जून असा बारा महिन्यांचा तक्ता कागदावर मांडा. एका रेघेवर शाळा, दुसऱ्या रेघेवर तालीम आणि तिसऱ्या रेघेवर दोघांच्या मनाची चाल. जिथे तिन्ही रेघा एकमेकींना छेदतात तिथे तुमची प्रकरणे आहेत. नोंदणीचा दिवस हा त्यातला सगळ्यात जड दिवस, कारण त्या दिवशी सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा सही करून सांगावे लागते की तो कोणाचा.

आता अडसराकडे या. मुलगा शिवाजी पेठेचा, मुलगी मंगळवार पेठेची, तिचा भाऊ शाळेच्या संघात मुलाच्या शेजारी खेळणारा. जुलैत मुलगा आणि तिचा भाऊ एकमेकांना पास देतात, डिसेंबरनंतर एकमेकांना अडवतात. एवढ्यावरच गोष्ट चालू लागते. इथे कोणी म्हणेल की ही तर दोन वैरी घराण्यांची जुनीच कथा झाली. तशी ती होऊ द्यायची नसेल तर एक वास्तव विसरू नका : दोन पेठांमध्ये वैर नाही, ईर्ष्या आहे. मंगळवार पेठेतल्या मावशीकडे शिवाजी पेठेतला भाचा जेवायला जातो, सामन्यात तिच्या दिराच्या मुलाशी भिडतो आणि संध्याकाळी दोघे रंकाळ्यावर एकाच गाड्यावर भेळ खातात. प्रेक्षकांतल्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबल्याचे आणि पोलिसांना मध्ये पडावे लागल्याचे प्रसंग कोल्हापूरने पाहिले आहेत. ते लपवू नका, पण त्यांनाच कथेचा कणा करू नका. या वयाच्या मुलाला मार खाण्याच्या भीतीपेक्षा हसे होण्याची भीती मोठी असते. पेठेच्या पायऱ्यांवर बसलेल्या मुलीने विरुद्ध संघाच्या गोलवर नकळत टाळी वाजवली आणि शेजारच्या मैत्रिणीने तिच्याकडे वळून पाहिले, या एका क्षणात तलवारींपेक्षा जास्त नाट्य आहे. अडसर जितका लहान आणि जितका खरा, तितके वाचकाला त्याचे ओझे कळते, कारण तो त्याच्या ओळखीचा असतो.

या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक मुलीच्या पात्रात होते. ती प्रेक्षकांत बसते, टाळ्या वाजवते, जखमेवर रुमाल बांधते आणि शेवटी चषकाबरोबर मुलाला मिळते. खेळाशी तिचा स्वतःचा काही व्यवहार नसेल तर कथेतला फुटबॉल आणि कथेतले प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी राहतात. बिल फोर्साइथ यांचा १९८१ चा ‘ग्रेगरीज गर्ल’ हा स्कॉटिश चित्रपट यासाठी पाहण्याजोगा आहे. त्यात डोरोथी नावाची मुलगी शाळेच्या संघात येते, ग्रेगरीची आघाडीची जागा घेते, त्याला गोलजाळ्यात पाठवले जाते आणि तो तिच्याच प्रेमात पडतो. जागा जाणे आणि जीव जडणे ही एकाच घटनेची दोन टोके होतात. कोल्हापुरात हा धागा आणखी पुढे नेता येतो. सुब्रतो चषकात सतरा वर्षांखालील मुलींचाही गट आहे. कोल्हापूर सिटी या नावाने महिलांचा संघ देशाच्या महिला लीगमध्ये उतरला आहे. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा नवी मुंबई आणि मडगावात सामने झाले. तरीही तालमींचा फुटबॉल मुख्यतः मुलांचाच राहिला आहे. म्हणजे शाळा संपल्यावर मुलासमोर प्रश्न येतो की कोणत्या तालमीकडून खेळू, आणि तितक्याच चांगल्या खेळणाऱ्या मुलीसमोर प्रश्न येतो की आता खेळू कुठे. दोघांच्या प्रश्नांतले हे अंतर तुमच्या कथेतला खरा ताण आहे. मुलगा तिला आपल्या निवडीचे दुःख सांगत बसतो आणि तिला निवडच मिळालेली नाही हे त्याच्या लक्षात येत नाही. ते लक्षात येण्याचा प्रसंग नीट लिहिला तर वेगळा प्रेमप्रसंग लिहावा लागत नाही.

सामना कागदावर कंटाळवाणा होतो अशी तक्रार लेखक करतात, आणि ती खोटी नाही. नव्वद मिनिटांचे धावते वर्णन वृत्तपत्राच्या क्रीडापानाचे काम आहे. कादंबरीने सामना एका खेळाडूच्या जागेवरून पाहावा. त्यासाठी पात्राला त्याच्या स्वभावाची जागा द्या आणि त्या जागेचे काम समजून घ्या. गोलरक्षक बहुतेक वेळ उभा राहून पाहतो, सगळे मैदान त्याच्यासमोर असते आणि त्याची एकच चूक फलकावर दिसते. मनातले न बोलणाऱ्या मुलाला ही जागा शोभते. बचावपटूला समोरच्याचा पुढचा विचार आधी ओळखावा लागतो. मधल्या फळीतला खेळाडू सतत कोणाला तरी चेंडू देत असतो, त्याचे नाव क्वचितच घेतले जाते. गोलजाळे ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असते, पेनल्टीचा ठिपका त्याच्यापासून ११ मीटरवर. एवढ्या जवळून मारलेला फटका पाहून झेपावणे बहुधा उशिराचे ठरते, म्हणून गोलरक्षक फटका मारणाऱ्याची सवय आठवून आधीच बाजू ठरवतो. आता टायब्रेकरमध्ये समोर उभा असलेला मुलगा जुलैभर आपल्याच शाळेच्या संघात रोज सरावाला होता आणि त्याची सवय आपल्याला पाठ आहे, असे मांडा. ती सवय वापरणे म्हणजे मैत्रीशी दगा की खेळाशी इमान? हा प्रश्न फुटबॉलचा आहे आणि प्रेमाचाही, कारण जवळ आलेल्या माणसाच्या दुखऱ्या जागा आपल्याला ठाऊक असतात. संपूर्ण कादंबरीत असे तीन सामने पुरेत. बाकीच्यांचा निकाल एका वाक्यात सांगून पुढे जा.

भाषेबाबत दोन टोके टाळायची आहेत. एक म्हणजे सगळी पात्रे पाठ्यपुस्तकातली मराठी बोलतात, आणि दुसरे म्हणजे प्रत्येक वाक्यात ‘नाद खुळा’ आणि ‘लै भारी’ येते. ही दोन वाक्ये टी-शर्टांवरही छापलेली मिळतात, त्यांनी कोल्हापूर उभे राहत नाही. निवेदन प्रमाण मराठीत ठेवा आणि बोलीचे काम संवादांवर सोपवा, तेही शब्दांपेक्षा वाक्याच्या घडणीतून. कौतुकाने माणसाला नपुंसकलिंगात बोलणे ही इथली खरी लकब : ‘पोरगं काय पळतंय बघ.’ कोल्हापुरातल्या कितीतरी मुली स्वतःबद्दल ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात. पुण्यात वाढलेली आत्या त्यावर हसेल, पण तुमची नायिका शाळेत तशी बोलते आणि भाषणस्पर्धेत बाईंसमोर ‘मी आले’ म्हणते, हे टिपले तर तिला दोन जगांत वावरावे लागते हे वेगळे सांगायला नको. मित्रामित्रांत ‘अरे’ आणि ‘लेका’ चालेल, वयाने मोठ्या खेळाडूला ‘दादा’, प्रशिक्षकांना ‘सर’, तालमीतल्या ज्येष्ठांना नावापुढे ‘मामा’ किंवा ‘अण्णा’. प्रेमाची कबुली मात्र या बोलीत सहसा सरळ येत नाही. ‘उद्या मॅच बघाय येणार न्हवं?’ एवढ्या प्रश्नात ती पुरती मावते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. ही पात्रे अठराच्या आतली आहेत, त्यांची प्रेमकथा किशोर वाचकाच्या हातात द्यावी का, असे पालक आणि शिक्षक विचारतील, आणि हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि लैंगिक संबंधांत तिच्या संमतीला कायदा मानत नाही. लेखकाने ही मर्यादा पाळावी ती केवळ कायद्याच्या भीतीने नव्हे. या वयाच्या प्रेमाचा मोठा भाग शरीराच्या आधीच घडतो आणि तोच साहित्याला जास्त उपयोगी आहे. मिलिंद बोकील यांची २००४ ची ‘शाळा’ पाहा. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी आणि त्याच्या वर्गातली शिरोडकर यांच्यात घडते ते नजरेत, वाटेत, वर्गाच्या बाकावर. तरीही ती कादंबरी दोन दशके वाचली जाते आहे आणि तिच्यावर चित्रपटही आला. प्रेम होतच नाही असे भासवणारे पुस्तक मुले मिटून ठेवतात आणि मोबाईलवर त्याहून वाईट काही पाहतात. उलट तुमच्या कथेत नकार ऐकून घेणारा मुलगा, फोटो पुढे न पाठवणारा मित्र आणि ओरडण्याआधी ऐकणारी एखादी आई असेल, तर त्या घरात काही बोलणे सुरू होण्याची शक्यता वाढते. पाठलाग, सतत फोन, ‘ती नाही म्हणते म्हणजे तिच्या मनात आहे’ हा जुना समज, यांना प्रेम म्हणून खपवू नका. हे उपदेशाने सांगायची गरज नाही. पाठलाग करणाऱ्या पात्राला गोष्टीत काही मिळत नाही, एवढे पुरे.

दुसरा आक्षेप जातीचा. ‘सैराट’ या चित्रपटाने २०१६ मध्ये क्रिकेटच्या सामन्यापासून सुरुवात करून प्रेम आणि जात यांचा शेवट कुठे होतो ते दाखवले, आणि तेव्हापासून मराठीतल्या प्रत्येक तरुण प्रेमकथेला त्याची सावली सोसावी लागते. ईर्ष्येला अडसर करणे म्हणजे जातीपासून पळ काढणे नाही का? तसे होऊ शकते. म्हणून पेठ ही जातीची सोयीस्कर पर्यायी खूण करू नका. पेठेत अनेक जातीधर्मांची घरे आहेत, एका जर्सीत ती सगळी खेळतात आणि लग्नाच्या गोष्टी निघाल्या की पुन्हा वेगवेगळी होतात. ‘पोरगं आपल्या पेठेचं आहे’ म्हणून मैदानावर डोक्यावर घेतलेल्या मुलाला त्याच पेठेतले एखादे घर जावई म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवेल, हे एका प्रसंगात दाखवता येईल. पंधरा वर्षांची मुले लग्नाचा विचार करत नाहीत, पण मोठ्यांच्या बोलण्यातून हा हिशेब त्यांच्या कानावर पडतो. तेवढा पडू द्या. खऱ्या नावांबाबतही काळजी घ्या. पेठा, चौक, मैदाने, केएसए आणि स्पर्धा खऱ्या ठेवा, पण ज्या तालमीत तुमची पात्रे खेळतात, भांडतात, चुकतात ती तालीम कल्पनेतली असू द्या. त्याने कोणाचा अपमान होत नाही, शिवाय कुठल्या वर्षी कोण जिंकले या चिकित्सेतून तुम्ही सुटता. इतके स्थानिक लिहिले तर नागपूरचा किंवा नाशिकचा वाचक कसा येईल, ही भीती सोडून द्या. ‘सैराट’ करमाळ्याकडचा असूनही कोणी त्याला करमाळ्यापुरता मानला नाही.

शेवटी शेवटाबद्दल. अंतिम सामना, शेवटच्या मिनिटाला गोल आणि मैदानात धावत आलेली नायिका, हा शेवट वाचकाने पहिल्या पानावरच ओळखलेला असतो. त्याहून वाईट म्हणजे तो खेळाबद्दल खोटे सांगतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, पण त्याची वाट पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून, म्हणजे घर आणि पेठ लहानपणीच सोडून गेली. बहुतेक मुलांसाठी फुटबॉल म्हणजे दहावीचे क्रीडागुण, फार तर खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरीची आशा, आणि पेठेतली काही वर्षांची ओळख. हे मर्यादित बक्षीस प्रामाणिकपणे मांडले की सामन्याचा निकाल आपोआप मागे पडतो आणि निर्णय पुढे येतो. तो कोणाकडून नोंदणी करतो, ती खेळणे सोडते की मुलींना सराव कुठे मिळेल ते शोधत हिंडते, पुढच्या हंगामात दोघे एकमेकांशी कसे बोलतात, याची उत्तरे दिलीत की कथा पूर्ण झाली. ते दोघे एकत्र राहतात की नाही हे त्या उत्तरांतूनच ठरू द्या, आधी ठरवून लिहू नका. हस्तलिखित पूर्ण झाल्यावर एक कसोटी लावा : फुटबॉल काढून त्या जागी क्रिकेट घातले आणि शिवाजी पेठ काढून दुसरे कोणतेही गाव घातले, तरी गोष्ट जशीच्या तशी उभी राहते का? राहत असेल तर शाळा आणि तालीम यांच्या मधली फट तुमच्या कथेत अजून आलेली नाही. मग बारा महिन्यांचा तो तक्ता पुन्हा समोर घ्या आणि नोंदणीच्या दिवसापासून नव्याने लिहायला लागा.